गणितज्ञ लायब्निट्स

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भूमीवर तीस वर्षे युद्धाचा वणवा पेटलेला होता. गावेच्या गावे ओस पडली होती, शेते पडीक राहिली होती आणि शेकडो लहानमोठ्या संस्थानांत विभागलेला तो प्रदेश दारिद्र्याने गांजून गेला होता. हे युद्ध संपण्यास दोन वर्षे उरली असताना, १ जुलै १६४६ या दिवशी, लाइपझिग शहरात गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निट्स याचा जन्म झाला. एखादी राशी केव्हा वाढते, केव्हा घटते आणि केव्हा क्षणभर स्थिर होते, हे अचूक ओळखण्याची रीत पुढे याच बालकाने जगाला दिली.

लायब्निट्सचे वडील लाइपझिगच्या विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पुत्र अवघा सहा वर्षांचा असताना, इ. स. १६५२ मध्ये, ते निवर्तले. पित्याचे छत्र हरपले; परंतु पित्याने जमविलेला ग्रंथसंग्रह मागे राहिला. काही काळाने त्या खोलीचे दार या मुलासाठी उघडण्यात आले आणि तेथेच त्याचे खरे शिक्षण सुरू झाले. त्यांतील बहुतेक ग्रंथ लॅटिन भाषेत होते व ती भाषा त्याला फारशी येत नव्हती. एका सचित्र इतिहासग्रंथातील चित्रे तो न्याहाळत बसे, चित्राखालच्या ओळींचा अर्थ चित्रावरून ताडून पाही आणि कळलेल्या शब्दांच्या आधाराने न कळलेल्या शब्दांकडे जाई. अशा रीतीने कोणाचीही फारशी मदत न घेता तो लॅटिन वाचू लागला. जे ज्ञात आहे त्याच्या साहाय्याने अज्ञाताचा शोध घ्यावयाचा, ही सवय त्याला बालपणीच जडली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्याने लाइपझिगच्या विद्यापीठात प्रवेश केला. तत्त्वज्ञान व कायदा हे त्याचे विषय होते. विसाव्या वर्षी त्याने कायद्याच्या सर्वोच्च पदवीसाठी सिद्धता केली. परंतु विद्यापीठाने त्याला ती पदवी नाकारली. लायब्निट्सने जन्मगावाचा निरोप घेतला आणि आल्टडॉर्फ येथील विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला. तेथे त्याला इ. स. १६६७ मध्ये पदवी तर मिळालीच, शिवाय प्राध्यापकाची जागाही देऊ करण्यात आली. त्याने ती नम्रपणे नाकारली. चार भिंतींआड अध्यापन करण्यापेक्षा राज्यकारभार, कायदा आणि शास्त्र यांच्या योगाने लोकांच्या उपयोगी पडावे, अशी त्याची आकांक्षा होती. लवकरच माइन्त्स येथील राज्यकर्त्याच्या पदरी त्याला काम मिळाले.

इ. स. १६७२ मध्ये एका राजकीय कामगिरीवर त्याची रवानगी पॅरिसला झाली. फ्रान्सच्या बलाढ्य राजाचे लक्ष जर्मन प्रदेशावरून दुसरीकडे वळवावे, हा त्या कामगिरीचा हेतू होता. तो हेतू सफल झाला नाही. परंतु पॅरिसच्या वास्तव्याने लायब्निट्सच्या आयुष्याला निराळेच वळण लागले. त्या नगरीत ख्रिस्तियान हायगेन्स हा थोर डच शास्त्रज्ञ राहत होता. लायब्निट्सची बुद्धी पारखण्यासाठी त्याने एक कोडे घातले. एक, एक-तृतीयांश, एक-षष्ठांश, एक-दशांश अशा सतत लहान होत जाणाऱ्या आणि कधीही न संपणाऱ्या अपूर्णांकांची बेरीज किती, असा तो प्रश्न होता. लायब्निट्सने त्याचे उत्तर २ असे काढले व ते बरोबर ठरले.

हे उत्तर त्याला एका साध्या युक्तीने सापडले होते. १, ४, ९, १६, २५ या संख्या घेतल्या, तर लगतच्या संख्यांमधील फरक ३, ५, ७ व ९ असे येतात. या फरकांची बेरीज २४ होते. आणि शेवटच्या संख्येतून पहिली संख्या वजा केली तरी २४ च उरतात. म्हणजे फरक ठाऊक असले की एकंदर वाढ कळते. युक्ती तर पोरसवदा वाटावी इतकी सोपी! परंतु फरक आणि बेरीज ही एकमेकींची उलट कृत्ये आहेत, हा विचार लायब्निट्सच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला.

या यशाने उल्हसित होऊन तो इ. स. १६७३ च्या प्रारंभी लंडनला गेला. त्याच्याजवळ स्वतः योजलेल्या गणनयंत्राची प्रतिकृती होती. हे यंत्र बेरीज व वजाबाकीच नव्हे, तर गुणाकार आणि भागाकारही करू शकेल, असा त्याचा दावा होता. रॉयल सोसायटीच्या विद्वानांपुढे त्याने ते मांडले. पण यंत्र अपुरे होते आणि ते नीट चालेना. त्याच सुमारास रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाच्या घरी त्याची काही गणितज्ञांशी भेट झाली. लायब्निट्सने फरकांविषयीची आपली एक रीत मोठ्या उत्साहाने सांगितली. तेव्हा जॉन पेल या इंग्रज गणितज्ञाने ही रीत नवी नसून मूताँ नावाच्या फ्रेंच विद्वानाच्या ग्रंथात ती पूर्वीच प्रसिद्ध झाली असल्याचे सर्वांसमक्ष निदर्शनास आणले. लायब्निट्सने तो ग्रंथ मिळवून पाहिला, तो पेलचे म्हणणे खरे होते. दुसऱ्याची विद्या आपली म्हणून मिरविल्याचा संशय यावा, असा तो प्रसंग होता.

एखादा सामान्य मनुष्य या अपमानाने खचून गेला असता किंवा तो सांगणाऱ्यावर रुष्ट झाला असता. लायब्निट्सला मात्र आपले न्यून कळले. गणितात आपण अद्याप फार थोडे वाचले आहे, हे त्याने मनोमन मान्य केले. पॅरिसला परतल्यावर हायगेन्सच्या मार्गदर्शनाखाली त्याने थोर गणितज्ञांचे ग्रंथ चिकाटीने अभ्यासण्यास आरंभ केला. त्या वेळी त्याचे वय सव्वीस वर्षांचे होते. पुढील दोन-तीन वर्षांत तो विद्यार्थ्याचा आचार्य झाला.

इ. स. १६७५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत त्याच्या टिपणवह्यांत दोन नवी चिन्हे प्रथम उमटली. बेरजेच्या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर लांबट ओढून त्याने असंख्य सूक्ष्म भागांच्या बेरजेचे चिन्ह बनविले आणि अत्यल्प फरकासाठी ‘डी’ हे अक्षर योजिले. चांगले चिन्ह हे चांगल्या अवजारासारखे असते आणि ते विचारांचे ओझे हलके करते, अशी त्याची श्रद्धा होती. म्हणून एकेका चिन्हाची निवड तो फार विचारपूर्वक करीत असे. या दोन चिन्हांच्या पायावर ज्या शास्त्राची इमारत उभी राहिली, त्यालाच आज कलन असे म्हणतात.

पॅरिसमध्ये कायमची नोकरी मिळेना, म्हणून इ. स. १६७६ च्या अखेरीस लायब्निट्स हॅनोव्हरच्या ड्यूकच्या सेवेत रुजू झाला. ग्रंथालयाची व्यवस्था, कायदेविषयक सल्ला, पत्रव्यवहार अशी नाना प्रकारची कामे त्याच्या वाट्यास आली. त्या राज्यातील हार्त्स पर्वतात चांदीच्या खाणी होत्या. खाणी खोल जात, तसतसे पाणी आत शिरे आणि ते उपसल्यावाचून काम चालत नसे. पवनचक्क्यांच्या बळावर हे पाणी उपसावे, अशी योजना लायब्निट्सने आखली व इ. स. १६८० पासून तो त्या डोंगराळ प्रदेशात वारंवार जाऊ लागला. याच वर्षांत त्याने आपले कलन प्रसिद्ध केले. खाणीतल्या पाण्याचेच एक कल्पित उदाहरण घेतले, तर त्याच्या शोधाचे मर्म ध्यानी येईल.

समजा, एका कोरड्या खाणीत पाणी शिरू लागले आणि त्याच वेळी उपसाही सुरू झाला. पहिल्या तासात पाणी ४ फूट चढले, दुसऱ्या तासात ३ फूट आणि तिसऱ्या तासात १ फूट चढले. चौथ्या तासात ते जेथल्या तेथे राहिले. पाचव्या तासात ते २ फूट व सहाव्या तासात ३ फूट उतरले. म्हणजे प्रत्येक तासाच्या अखेरीस पाण्याची उंची अनुक्रमे ४, ७, ८, ८, ६ व ३ फूट झाली.

आता या माहितीचे दोन आलेख काढता येतात. पहिल्या आलेखात पाण्याची उंची दाखवावी. दुसऱ्या आलेखात प्रत्येक तासातील फरक दाखवावा. पाणी चढले असेल तर फरक धन, म्हणून त्याचा बिंदू आडव्या अक्षाच्या वर येईल. पाणी उतरले असेल तर फरक ऋण, म्हणून बिंदू अक्षाच्या खाली जाईल. फरक शून्य असेल, तर बिंदू अक्षावरच पडेल. मग पहिला आलेख कोणी झाकून ठेवला, तरी केवळ दुसरा आलेख पाहून पाणी केव्हा चढत होते व केव्हा उतरत होते, हे निश्चित सांगता येते. आरंभी पाणी किती होते, हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी निराळी माहिती लागते.

येथे एक चूक अनेकांच्या हातून घडते. दुसऱ्या आलेखातील बिंदू पहिल्या तीन तासांत ४ वरून ३ वर व ३ वरून १ वर उतरत आले आहेत. ते पाहून पाणीही उतरत असावे, असा भास होतो. वस्तुतः त्या तिन्ही तासांत पाणी चढतच होते; फक्त चढण्याचा वेग मंदावला होता. त्याचप्रमाणे सातव्या तासात पाणी १ फूट उतरले असे मानले, तर दुसऱ्या आलेखातील बिंदू उणे ३ वरून उणे १ वर चढेल. तथापि पाणी उतरतच असेल. म्हणून फरकाचा आलेख वर जात आहे की खाली येत आहे, हे पाहावयाचे नसून, तो अक्षाच्या वर आहे की खाली आहे, हेच पाहावयाचे असते. अक्षाच्या वर असेल तेथे मूळ राशीची वाढ आणि खाली असेल तेथे घट, हा नियम कधी चुकत नाही.

अक्षावर पडणाऱ्या बिंदूचे महत्त्वही मोठे आहे. चौथ्या तासापूर्वी फरक धन होता व त्यानंतर तो ऋण झाला. अर्थात् पाणी चढून चढून तेथे आपल्या सर्वोच्च पातळीला पोहोचले होते. याच्या उलट, फरक आधी ऋण असून शून्यानंतर धन झाला, तर ती सर्वांत खालची पातळी समजावी. मात्र शून्याच्या आधी व नंतर फरक धनच राहिला, तर शिखर नव्हे. चढणारा वाटसरू क्षणभर विसावला, इतकाच त्याचा अर्थ होतो. म्हणून केवळ शून्य पाहून भागत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंची चिन्हेही पाहावी लागतात.

पाणी काही तासातासाने उडी मारून चढत नाही. ते प्रत्येक क्षणी थोडे थोडे चढते. म्हणून खरी स्थिती जाणावयाची असेल, तर तासाऐवजी मिनिट, मिनिटाऐवजी सेकंद, असे काळाचे अंतर लहान लहान करीत न्यावे लागते. काळाच्या अत्यल्प अंतराने त्या अंतरातील अत्यल्प फरकाला भागिले, म्हणजे त्या क्षणीचा बदलाचा दर मिळतो. मूळ आलेखाच्या वक्र रेषेला त्या बिंदूपाशी स्पर्शिका काढली, तर तिचा चढ नेमका तेवढाच असतो. या दरालाच आज अवकलज ही संज्ञा आहे. प्रत्येक तासाचा फरक मोजण्याची गोष्ट कोणासही सुचेल. परंतु प्रत्येक क्षणाचा दर बिनचूक काढण्याची सुटसुटीत रीत शोधणे हे प्रतिभावंताचेच काम होते.

इ. स. १६८४ च्या ऑक्टोबर महिन्यात लाइपझिगच्या एका लॅटिन नियतकालिकात लायब्निट्सचा एक लेख प्रसिद्ध झाला. महत्तम व न्यूनतम मूल्ये आणि स्पर्शिका काढण्याची नवी रीत, हा त्याचा विषय होता. लेख जेमतेम सहा-सात पानांचा होता. बेरीज, गुणाकार, भागाकार व मुळे असलेल्या पदावल्यांचे फरक कसे काढावेत, याचे नियम त्यात दिले होते. फरक धन असेल तर राशी वाढत असते, ऋण असेल तर ती घटत असते आणि महत्तम किंवा न्यूनतम स्थानी तो शून्य होतो, हेही तेथे सांगितले होते. दोन आलेख शेजारी मांडण्याची आजची पद्धत त्यात नव्हती. पण तिच्या मुळाशी असलेला नियम तोच होता. ही रीत व्यवहारात कशी उपयोगी पडते, हे दाखविण्यासाठी त्याने प्रकाशाचे उदाहरण घेतले होते. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाशाचा किरण का व किती वाकतो, हे त्याने या नव्या रीतीने थोड्याच ओळींत सिद्ध केले.

लेख अत्यंत संक्षिप्त होता आणि त्यात छपाईच्या चुकाही होत्या. त्यामुळे तो फारच थोड्यांना उमगला. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे याकोब व योहान हे बर्नोली बंधू राहत होते. त्यांनी या लेखाचे मर्म उलगडण्यासाठी अथक परिश्रम केले. पुढे ते लायब्निट्सचे स्नेही व सहकारी झाले आणि त्यांच्या प्रयत्नांनी ही विद्या युरोपभर पसरली. पवनचक्क्यांचे काम मात्र फसले. वारा पुरेसा लाभेना आणि खाणीवरील अधिकाऱ्यांचा विरोधही मावळेना. इ. स. १६८५ मध्ये ड्यूकने ते काम थांबविले. ज्या उद्योगावर लायब्निट्सने एवढे कष्ट वेचले तो विस्मृतीत गेला आणि त्याच काळात लिहिलेली ही मोजकी पाने अमर झाली.

परंतु या शोधाबरोबर एक मोठे संकटही वाढत होते. इंग्लंडमध्ये आयझॅक न्यूटनने इ. स. १६६५-६६ च्या सुमारासच अशीच एक रीत स्वतंत्रपणे शोधून काढली होती. मात्र ती त्याने छापून प्रसिद्ध केली नव्हती. न्यूटनची काही पत्रे लायब्निट्सला पोहोचली होती आणि इ. स. १६७६ मध्ये लंडनच्या दुसऱ्या भेटीत त्याने न्यूटनच्या एका हस्तलिखितातून टिपणेही काढली होती. त्याची स्वतःची रीत त्यापूर्वीच सिद्ध झाली होती, तरी इ. स. १६८४ च्या लेखात त्याने न्यूटनचा उल्लेख केला नाही, आणि संशयाला जागा राहिली. पुढे दोघांच्या अनुयायांत कडाक्याचे वाद माजले. लायब्निट्सने रॉयल सोसायटीकडे तक्रार केली. इ. स. १६१२ नंतर शंभर वर्षांनी, म्हणजे १७१२ मध्ये, सोसायटीने चौकशी समिती नेमली. पण सोसायटीचा अध्यक्ष स्वतः न्यूटनच होता आणि समितीच्या अहवालामागेही त्याचाच हात होता. निर्णय अर्थातच लायब्निट्सच्या विरुद्ध गेला. लंडनमध्ये तारुण्यात आलेला संशय वार्धक्यात पुन्हा त्याच्या वाट्याला आला.

अखेरचे दिवस त्याला कष्टाचे गेले. इ. स. १७१४ मध्ये हॅनोव्हरचा राज्यकर्ता ब्रिटनच्या सिंहासनावर बसला आणि दरबार लंडनला गेला. लायब्निट्सला मात्र राजघराण्याचा अपुरा इतिहास पूर्ण करण्यासाठी हॅनोव्हरलाच थांबण्याची आज्ञा झाली. संधिवाताने त्याचे शरीर जर्जर झाले होते. तरी लेखणी थांबली नव्हती. १४ नोव्हेंबर १७१६ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्याने इहलोकीची यात्रा संपविली. चाळीस वर्षे ज्या दरबाराची सेवा केली, त्या दरबारातील कोणीही मानकरी त्याच्या अंत्यविधीस आला नाही. कित्येक वर्षे त्याच्या थडग्यावर त्याचे नावदेखील नव्हते.

काळाने मात्र योग्य न्याय केला. न्यूटन आणि लायब्निट्स या दोघांनीही कलनाचा शोध स्वतंत्रपणे लावला, हे इतिहासकारांनी कागदपत्रे तपासून मान्य केले आहे. इंग्लंडमधील गणितज्ञ अभिमानापोटी शंभर वर्षे लायब्निट्सच्या चिन्हांपासून दूर राहिले आणि त्यामुळे युरोपातील इतर गणितज्ञांच्या मागे पडले. अखेर इ. स. १८१२ मध्ये केंब्रिजच्या काही तरुण विद्यार्थ्यांनी मंडळ स्थापून त्याच चिन्हांचा पुरस्कार केला. आज जगातील कोणत्याही महाविद्यालयात कलन शिकणारा विद्यार्थी आपल्या वहीत लायब्निट्सचीच चिन्हे लिहितो. पुराचे पाणी, रोग्याचा ताप, यंत्राचा वेग किंवा धान्याचा साठा वाढत आहे की घटत आहे, हे ठरविताना त्याचाच नियम उपयोगी पडतो.

एखादी गोष्ट आज किती आहे, एवढेच पाहून तिची खरी स्थिती कळत नाही. ती कोणत्या दिशेने बदलत आहे, हेही पाहावे लागते. लंडनमध्ये मानहानी झाली त्या दिवशी लायब्निट्सचे गणिताचे ज्ञान अल्प होते. परंतु चूक मान्य करून तो अभ्यासाला लागला आणि ते ज्ञान दिवसेंदिवस वाढत गेले. त्या वाढीतूनच त्याचे शास्त्र जन्मास आले.